बारा हात आणि एक बंदूक

खंडेनवमीला तलवार, कोयता, विळा आणि अडकित्ता एकाच पाटावर मांडून त्यांना झेंडूची फुले वाहणारी आपण माणसे. शस्त्र कोणते आणि अवजार कोणते, हा भेद त्या दिवशी आपण करीत नाही. पुढे तीन आठवड्यांत दिवाळी येते. अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर भालेवाला मावळा उभा राहतो आणि सात वर्षांच्या चिरंजीवांच्या कमरेला टिकल्यांचे पिस्तूल लटकते. त्याचा आवाज ऐकून आजीही कौतुकाने दचकते. सारांश, हातात काय आहे यापेक्षा हात कोणाचा आहे, हे आपण आधी पाहतो. हात आपल्या विश्वासाचा असला की त्यातली तलवारसुद्धा पूजेची ठरते.

पण ज्या हाताने एकदा माणूस मारला किंवा कोणाचे डोके फोडले, न्यायासनापुढे ते कबूल झाले किंवा सिद्ध झाले, आणि ठरलेली सजा भोगून तो हात पुन्हा गावात आला, त्याचे काय? त्या हाती खुरपे द्यावे, नांगर द्यावा, इथवर बहुतेकांची संमती मिळते. बंदूक द्यावी काय, असे विचारले की मात्र सगळे गप्प होतात.

हा प्रश्न वकिलांचा आणि फौजदारांचा आहे, टीकालेखाच्या पानावर तो कशाला, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की, या प्रश्नावर आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध साक्ष एका कलाकृतीने दिलेली आहे, आणि ती कोल्हापूरच्या सुपुत्राची आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा बोलपट. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात गौरव झाला, आणि तेव्हापासून आजतागायत त्याच्याविषयी केवळ आदरानेच बोलण्याची आपल्याकडे रीत पडली. आदर मलाही आहे. परंतु आदराने एखाद्या कृतीला हार घालून भिंतीवर टांगले की तिच्याशी बोलणे थांबते. हा बोलपट मी नुकताच पुन्हा पाहिला तो तिच्याशी बोलावे म्हणून, आणि बोलताना एक भांडणही झाले. तेच येथे मांडतो.

प्रथम मुळाकडे जाऊ. या कथेचे बीज कल्पनेतले नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीजींच्या विचाराने भारलेल्या अभियंत्याची प्रेरणा होती. भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने बायकामुलांसह राहावे, जमीन कसावी, पिकवावे. ही वसाहत आजही चालू आहे. ग. दि. माडगूळकर हे त्याच माणदेशचे. त्यांनी या वास्तवाची कथा केली आणि शांतारामबापूंनी तिचा बोलपट केला. कोल्हापुरात १९२९ साली ‘प्रभात’ची मुहूर्तमेढ रोवणाऱ्यांपैकी एकाने आपल्या कलाजीवनाच्या मध्यावर पुन्हा आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या मातीतला विषय उचलावा, हे मला अर्थपूर्ण वाटते.

कथा सर्वांना ठाऊक आहे. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून एका उजाड माळावर घेऊन जातो. त्यांच्या पंजांचे ठसे हाच काय तो करारनामा. माळ हिरवा होतो, भाजी पिकते, ती बाजारात रास्त भावाने विकली जाते, आणि त्यामुळे ज्या व्यापाऱ्याच्या पोटावर पाय येतो तो उलटतो. अखेरीस आदिनाथाला प्राण द्यावे लागतात. उधळलेल्या बैलाशी झुंजीचा तो प्रसंग चित्रित करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. डोळ्यांची कथा सांगताना स्वतःचे डोळे पणाला लावणारा हा दिग्दर्शक. त्याच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेऊ नये.

बोलपटाचा पूर्वार्ध मला आजही थोर वाटतो. सहा हत्याऱ्यांच्या हाती कुदळी-फावडी येतात आणि त्यांच्यामध्ये एकटा, निःशस्त्र जेलर वावरतो. ज्याने कधी माणूस मारला त्याच्या हातातील कुदळ ही कुदळ आहे, की आणखी काही? प्रेक्षक श्वास रोखून बसतो. कुदळ जमिनीवर पडते, ढेकूळ फुटते, आणि आपणही सुटकेचा श्वास सोडतो. अवजार आणि शस्त्र यांच्यातील सीमारेषा लोखंडात नसून मनात असते, हे येथे एकाही लांबलचक संवादाशिवाय सांगितले गेले आहे. खंडेनवमीच्या पाटावर जे आपण नकळत कबूल करतो, तेच दिग्दर्शकाने डोळसपणे दाखविले.

माझे भांडण आहे ते उत्तरार्धाशी. बाजारात व्यापाऱ्याची माणसे या सहाजणांवर हात टाकतात. हे सहाही जण धिप्पाड आणि मारामारीत मुरलेले. पण ते मार खातात, उलट हात उगारीत नाहीत, कारण तसे वचन त्यांनी जेलरला दिलेले आहे. प्रेक्षागृहात या ठिकाणी डोळे पाणावतात. माझेही पाणावले. परंतु डोळे पुसल्यावर एक शंका उरते. अंगावर आलेला घाव अडविण्याचा हक्क सामान्य नागरिकाला कायद्याने दिला आहे. तो या सहाजणांना का नाही? आपल्या मनात असे तर नाही ना, की एकदा ज्याचा हात रक्ताने माखला त्याने पुढे जन्मभर फक्त जोडलेले हात घेऊनच हिंडावे?

कोणी म्हणेल, ही गांधीयुगाची कृती आहे, अहिंसा हेच तिचे प्रतिपाद्य, तिच्याकडे बंदुकीचा हिशेब मागणे हा अन्याय. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. समर्थाने हात आवरणे यातच अहिंसेचे तेज असते, आणि हे सहाजण समर्थ आहेत, हेही खरे. मात्र येथे हात आवरणारा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे काय? बोलपटाचे नावच पाहा. हात बारा, आणि डोळे दोन. ते दोन डोळे जेलरचे. त्या बारा हातांना स्वतःचे डोळे आहेत की नाहीत, याविषयी नाव काहीच सांगत नाही. कैदी पळून जाऊ पाहतात तेव्हा त्यांना त्यांची स्वतःची सद्‌बुद्धी अडवीत नाही, आदिनाथाचे डोळे अडवितात. पडद्यावर ती डोळ्यांची प्रतिमा पुन्हा पुन्हा उभी राहते. तुरुंगाच्या भिंती गेल्या, पण पहारा उरला. तो प्रेमळ आहे, पवित्र आहे, परंतु पहाराच आहे. माणूस खरोखर सुधारला असे मी तेव्हा म्हणेन, जेव्हा त्याच्यावरचे डोळे मिटले तरी त्याचा हात योग्य तेच करील. त्या कसोटीपर्यंत बोलपट जातो आणि तेथून प्रार्थनेकडे वळतो.

आता कायद्याकडे वळू, कारण ज्या जागी कलाकृती थबकली त्या जागी कायद्याला थबकून चालत नाही. त्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रकायदा केला आणि हिंदी माणसाचा हात परवान्याने बांधला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा अपमान आपल्या पुढाऱ्यांच्या इतका जिव्हारी लागला होता की १९३१ सालच्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घालण्यात आला. पुढे घटना समितीत १९४८ साली ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली. म्हणजे आपल्याकडे शस्त्र हा मूलभूत हक्क राहिला नाही. तो सरकारने पारखून द्यावयाचा परवाना झाला. १९५९ साली नवा शस्त्रकायदा आला आणि १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला. आजही तोच चालतो.

या कायद्याचे कलम ९ आपल्या विषयाचे आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल ज्याला कैद झाली, त्याला ती सजा संपल्यापासून पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. पाच वर्षांनंतर ही बंदी आपोआप उठते. याचा अर्थ दुसऱ्या दिवशी बंदूक हाती येते असा नव्हे. अर्ज करावा लागतो, पोलिसांचा अहवाल मागविला जातो, आणि अर्जदार कोणत्याही कारणाने अपात्र आहे असे परवाना अधिकाऱ्याला वाटले तर तो नकार देऊ शकतो. मात्र नकार देताना कारण लिहून ठेवावे लागते आणि त्यावर अपिलाची सोय आहे.

या रूक्ष कलमात मला एक नाट्य दिसते. पहिला टप्पा आंधळा: पाच वर्षे म्हणजे पाच वर्षे, मग तो माणूस संत होवो की होता तसाच राहो. दुसरा टप्पा डोळस: आता माणूस पाहा. कायद्याने काळ आणि पारख या दोहोंना आपापली जागा दिली आहे. या पाच वर्षांचे मोल कळण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेकडे पाहावे. तेथे शस्त्राचा हक्क घटनेतच आहे. पण १९६८ च्या संघराज्याच्या कायद्याने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा तो हक्क सामान्यतः कायमचा जातो. तो परत मागण्यासाठी कायद्यात एक दार ठेवले होते. १९९२ पासून तेथील संसदेने वैयक्तिक अर्ज तपासण्याच्या कामाला पैसाच देणे बंद केले, आणि दार असूनही ते उघडणारा कोणी उरला नाही. २०२५ साली तेथील न्यायखात्याने हे काम पुन्हा हाती घेतले. तोवर एक पिढी सरली. जेथे हक्क जन्मसिद्ध मानला तेथे तो गेला की गेलाच. आणि जेथे हक्कच मानला नाही तेथे पाच वर्षांनी निदान अर्जाचे दार उघडते. मला आपला कायदा येथे अधिक माणुसकीचा वाटतो. माणूस बदलू शकतो, हे त्याने आकड्यात का होईना, मान्य केले आहे.

आणि हा प्रश्न केवळ तात्त्विक आहे असेही नाही. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत रानाला लागून शेते आहेत. उभ्या पिकात गवे उतरतात, रानडुकरे एका रात्रीत पीक लोळवून जातात. कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा विचार केलेला आहे. ती रानात उडविली जाते ती बहुधा बार काढून जनावर पळवून लावण्यासाठीच. आता समजा, बांधाच्या तंट्यातून काठ्या-कुऱ्हाडी चालल्या, एकजण जायबंदी झाला, आणि एका शेतकऱ्याला कैद झाली. सजा भोगून तो त्याच बांधावर परत आला. शेजारच्या मळ्यावर परवान्याची बंदूक आहे, याच्या मळ्यावर नाही. पाच वर्षे तो पत्र्याचा डबा वाजवून गवे हाकलतो. सहाव्या वर्षी त्याने अर्ज केला तर तो गुन्हेगार म्हणून वाचावा की शेतकरी म्हणून?

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बांधापलीकडे तो जायबंदी झालेला माणूसही राहतो. त्याची बायको रोज त्या वाटेने पाण्याला जाते. ज्या हाताने तिच्या घरावर आघात केला त्या हातात तिला बंदूक दिसली, तर तिच्या रात्रीच्या झोपेचे काय? ‘दो आँखें’ने सहा खुन्यांची मने उलगडली, पण त्यांनी ज्यांना मारले त्यांच्या घरांकडे बोलपटाचे लक्ष नाही. उजाड माळ निवडल्यामुळे दिग्दर्शकाची ही अडचण आपोआप टळली. माळावर शेजारी नसतात. खऱ्या गावात असतात. माझ्या मते या थोर कृतीतील ही मोठी पोकळी आहे. पश्चात्तापाला साक्षीदार लागतो, आणि त्याचा पहिला साक्षीदार जेलर नव्हे, ज्याचे नुकसान झाले तो असतो.

याच कोल्हापुरात एका माणसाने हा प्रश्न बोलपटाच्या किती तरी आधी, आणि बोलपटापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन सोडविण्याचा प्रयत्न केला होता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी फासेपारधी म्हणजे जन्मजात चोर, असा शिक्का होता. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने तर अशा कित्येक जमातींना सबंधच्या सबंध गुन्हेगार ठरविले होते. त्यांच्यावर हजेरी, नजर, संशय. महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील हजेरीची जाचक पद्धत बंद केली, आणि फासेपारध्यांना जवळ करून त्यांच्यापैकी काहींना आपल्याच निवासाचे पहारेकरी नेमले. सोनतळीच्या कॅम्पवर राजा झोपावा आणि ज्यांना जग चोर म्हणते त्यांनी जागे राहावे, ही घटना मी जितक्या वेळा आठवतो तितक्या वेळा मला तिच्यातील कल्पकतेचे नवल वाटते.

तुलना जपून केली पाहिजे. फासेपारध्यांवरचा शिक्का जन्माचा होता, एखाद्या सिद्ध झालेल्या गुन्ह्याचा नव्हता. तेव्हा महाराजांनी जे केले ते मुळात अन्यायाचे निवारण होते, क्षमा नव्हती. तरीही आपल्या प्रश्नाला त्यातून प्रकाश मिळतो. आदिनाथ कैद्यांवर नजर ठेवतो. महाराजांनी नजर ठेवण्याचे कामच त्यांच्याकडे सोपविले. बोलपटात डोळे जेलरचे आणि हात कैद्यांचे. सोनतळीला डोळेही त्यांचेच आणि हातही त्यांचेच. ज्याच्यावर पहारा होता तो पहारेकरी झाला, आणि विश्वास चुकला असता तर किंमत राजानेच मोजली असती. विश्वास टाकणाऱ्याने स्वतःची मान पणाला लावली पाहिजे, ही अट महाराजांनी पाळली. आदिनाथानेही ती पाळली, हे मान्य केलेच पाहिजे. तेथे दोघे एकाच कुळातले.

पण राजाच्या विश्वासालाही मर्यादा असते. १९२२ साली महाराज गेले. ब्रिटिश मुलखातील गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही त्या शिक्क्याचा डाग लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. एका थोर माणसाची कृपा त्याच्याबरोबर संपते. आदिनाथ मेल्यावर उद्याच्या कैद्यांनी कोणाच्या डोळ्यांकडे पाहायचे? म्हणून मला कायद्याचे ते रूक्ष कलम पुन्हा आठवते. त्यात ऊब नाही, गाणे नाही, डोळ्यांत पाणी आणणारे काही नाही. परंतु जिल्हाधिकारी बदलला तरी ते बदलत नाही, आणि नकार मिळाला तर कारण विचारता येते. कृपेपुढे हात जोडावे लागतात. नियमापुढे अर्ज करता येतो.

म्हणून माझे मत असे: पाच वर्षांची बंदी योग्यच आहे, कारण बांधापलीकडच्या घरालाही काही काळ निर्धास्त झोप मिळाली पाहिजे. पण पाच वर्षांनंतर जो अहवाल लिहिला जातो तो जुन्या निकालपत्राची नक्कल नसावा. त्या पाच वर्षांत हा माणूस कसा वागला, बांधापलीकडच्यांशी त्याचे बोलणे सुरू झाले काय, गावाच्या कामाला तो उभा राहिला काय, हे त्यात आले पाहिजे. आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाही एकदा विचारले पाहिजे. तो ‘नको’ म्हणाला म्हणजे सारे संपले असे नव्हे. परंतु त्याला न विचारता झालेली समजूत कागदावरच राहते.

एक लहानशी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. कळंब्याच्या कारागृहातील बंद्यांच्या हातचे लाडू अंबाबाईच्या प्रसादासाठी वापरले गेले आहेत. ते लाडू कोल्हापूरकरांनी डोळ्यांना लावून खाल्ले. हात कोणाचा, हे कोणी विचारले नाही. देवीच्या नावाने आपण त्या हातांवर इतका विश्वास सहज टाकतो. माणसाच्या नावाने टाकावयाचा झाला की आपली जीभ अडखळते. लाडू, मग कुदळ, मग बंदूक, अशी विश्वासाची पायरी-पायरीने चढण आहे, आणि प्रत्येक समाजाला आपण कोणत्या पायरीवर थांबलो हे एकदा प्रामाणिकपणे पाहावे लागते. ‘दो आँखें बारह हाथ’ने आपल्याला दुसऱ्या पायरीपर्यंत हाताला धरून नेले. हे त्याचे ऋण मोठे आहे, आणि ज्या काळात त्याने ते केले तो काळ लक्षात घेता ते अधिकच मोठे ठरते.

पुढची पायरी मात्र अजून कोणी लिहिलेली नाही. त्या सहाजणांपैकी एक सुटून गावी गेला, त्याने लग्नकार्ये केली, मुले शिकवली, आणि एके दिवशी रानडुकरांनी खाल्लेल्या भुईमुगाचा पंचनामा हातात घेऊन तो परवान्याच्या अर्जासाठी कचेरीच्या बाकावर बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कामासाठी आलेला, त्याने मारलेल्या माणसाचा मुलगा बसला आहे. दोघांनी एकमेकांना ओळखले आहे. साहेब अजून यायचे आहेत. या बाकावर त्या दोघांत जे बोलणे होईल, ते लिहिणारा मराठी लेखक मला हवा आहे.